आईपेक्षा लेक मोठी : विश्वाच्या वयाची एक जुनी चूक

पोस्ट लांबलचक आहे. जेवण झालं असेल आणि लाइट असेल तर वाचा.

गेल्या आठवड्यात गावातल्या एका ग्रुपवर फॉरवर्ड आला. 'नव्या अंतराळ दुर्बिणीने शास्त्रज्ञांचं पितळ उघडं पाडलं. विश्वाचं वय त्यांनाच ठाऊक नाही. दर काही वर्षांनी आकडा बदलतात.' खाली हात जोडलेले आणि टाळ्या वाजवणारे इमोजी. पाठवणारे गृहस्थ ओळखीचे. अडीनडीला धावून येणारा माणूस. म्हणून ग्रुपवर वाद घातला नाही. पण रात्री झोप लागेना, कारण त्या फॉरवर्डमधलं शेवटचं वाक्य खरं आहे. आकडा बदलतो. शंभर वर्षं बदलत आलाय.

आधी माझी कबुली. मार्च २०१३ मध्ये युरोपच्या प्लँक उपग्रहाची बातमी आली की विश्वाचं वय सुमारे १३.८ अब्ज वर्षं. मी तेव्हा एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. इंग्रजी कॉपी, रात्रीचे साडेदहा, पान सोडायची घाई. 'बिलियन'चं मी 'कोटी' केलं. सकाळी छापून आलं, 'विश्वाचे वय १३.८ कोटी वर्षे'. नऊच्या सुमारास एका निवृत्त विज्ञान शिक्षकांचा फोन.

"अहो पत्रकार, तुमच्या हिशेबानं डायनोसॉर विश्वाच्या आधीच जन्माला आले. राहत कुठं होते ते? भाड्यानं?"

मी वरिष्ठांना म्हटलं, उद्या दुरुस्ती देऊ. ते म्हणाले, "एका मास्तरांशिवाय कुणाच्या लक्षात आलंय? सोडून दे." दुरुस्ती छापली गेली नाही. मीही जोर लावला नाही. लावायला हवा होता.

नंतर वाचत गेलो तसं कळलं की हीच चूक, म्हणजे पोरगं आधी आणि आई नंतर जन्मल्याची चूक, जगातल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणीवर बसलेल्या माणसांकडूनही झाली होती. तब्बल वीसएक वर्षं त्यांचं विश्व पृथ्वीपेक्षा तरुण होतं.

गोष्ट सुरू होते अंतरापासून. रात्री हायवेवर समोरून एक दिवा दिसतो. जवळची मोटारसायकल आहे की लांबचा ट्रक, नुसत्या उजेडावरून सांगता येत नाही. पण दिवा किती वॅटचा आहे हे कळलं तर तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येतं. ताऱ्यांचंही तसंच. अडचण एवढीच की ताऱ्यावर वॅट लिहिलेले नसतात.

ते वॅट वाचायची युक्ती सापडली ती हेन्रिएटा लेव्हिट या बाईंना. अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत त्या तासाला ३० सेंट मजुरीवर काम करायच्या. दक्षिण अमेरिकेत पेरू देशातल्या अरेकिपा गावाजवळ हार्वर्डची दुर्बीण होती. तिथून काचेच्या फोटोप्लेटा बोटीने यायच्या आणि या बाई भिंग लावून त्यावरचे ठिपके तपासायच्या. मॅगेलनच्या मेघांमध्ये त्यांनी १,७७७ तारे असे शोधले की ज्यांचा उजेड कमीजास्त होतो. १९०८ साली ती यादी छापली. मग १९१२ मध्ये त्यातल्या २५ ताऱ्यांचा एक छोटा तक्ता दिला. सेफीड जातीचा तारा जितका सावकाश लुकलुकतो, तितका तो मुळात जास्त तेजस्वी असतो. म्हणजे लुकलुकण्याचा काळ मोजा, वॅट कळतील. वॅट कळले की अंतर.

परिपत्रकावर सही वेधशाळेच्या संचालकांची, पिकरिंग यांची. मजकूर मिस लेव्हिट यांनी तयार केल्याचं मात्र त्यांनी पहिल्याच वाक्यात नोंदवलंय. १९२५ मध्ये स्वीडनच्या एका नामवंत गणितज्ञाने नोबेलसाठी नाव सुचवावं म्हणून लेव्हिटबाईंना पत्र लिहिलं. त्या डिसेंबर १९२१ मध्येच कॅन्सरने गेल्या होत्या. वय ५३. पत्र पोचायलाच उशीर झाला, असं आपण म्हणू.

ती युक्ती वापरली एडविन हबल यांनी. लॉस एंजेलिसजवळच्या माउंट विल्सनवर १०० इंची दुर्बीण होती, तेव्हाची जगात सगळ्यात मोठी. ऑक्टोबर १९२३ मध्ये देवयानीच्या धूसर ढगात हबलना एक लुकलुकणारा तारा सापडला. हिशेब केला तर अंतर निघालं साधारण नऊ लाख प्रकाशवर्षं. (प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नाही. हे वाक्य त्या शिक्षकांसाठी.) एवढ्या लांबचं काही आपल्या आकाशगंगेत बसूच शकत नव्हतं. म्हणजे देवयानी ही वेगळी आकाशगंगा, दीर्घिका. एका फोटोप्लेटने विश्व केवढं तरी मोठं झालं.

त्याच डोंगरावर मिल्टन ह्युमसन नावाचा माणूस होता. शाळा अर्धवट सोडलेला. वेधशाळेचं सामान खेचरांवर लादून वर न्यायचा, पुढे तिथेच झाडलोट करायला लागला, आणि मग रात्र रात्र जागून दूरच्या दीर्घिकांचे वर्णपट घेण्यात त्याच्याइतका हुशार कुणी उरला नाही. दीर्घिकेचा प्रकाश लाल रंगाकडे जितका सरकलेला, तितकी ती आपल्यापासून जोरात दूर जाते. हे सरकणं मोजायला आधी सुरुवात केली होती व्हेस्टो स्लायफर यांनी, अ‍ॅरिझोनामधल्या लॉवेल वेधशाळेत. १९१७ पर्यंत त्यांनी मोजलेल्या २५ पैकी २१ दूर पळत होत्या. स्लायफरचं नाव फारसं कुणी घेत नाही. पहिल्या मजल्याचं काम करणाऱ्या गवंड्याचं कुठे लक्षात राहतं?

१९२९ मध्ये हबलनी अंतर आणि वेग एका आलेखावर मांडले. दुप्पट लांब, तर वेग दुप्पट. खरं तर बेल्जियममधले पाद्री आणि भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी दोन वर्षं आधीच, १९२७ मध्ये, विश्व प्रसरण पावतंय हे मांडलं होतं आणि वेगाचा आकडाही काढला होता. पण लेख फ्रेंचमध्ये, बेल्जियमच्या नियतकालिकात. १९३१ मध्ये इंग्रजी भाषांतर आलं तेव्हा नेमका तो आकड्याचा भाग गायब. बरीच वर्षं लोकांना वाटायचं की कुणीतरी मुद्दाम कापला. २०११ मध्ये जुना पत्रव्यवहार सापडला आणि उलगडलं की भाषांतर लमेत्रनी स्वतःच केलं होतं, आणि हबलचे ताजे आकडे आल्यावर आपले जुने छापण्यात अर्थ नाही म्हणून स्वतःच वगळले होते. आमच्याकडे कोण आपली बायलाइन अशी काढून देईल? २०१८ मध्ये जागतिक खगोल संघटनेने मतदान घेऊन त्या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावं अशी शिफारस केली.

आता वय. एसटी स्टँडवरून एकाच वेळी दहा गाड्या सुटल्या. कुठली साठाच्या वेगाने, कुठली तीसच्या. तुम्ही मध्येच त्यांना पाहिलं, तर प्रत्येकीचं अंतर भागिले वेग केलं की उत्तर एकच येईल, सुटून किती वेळ झाला. दीर्घिकांचं साधारण तसंच. हबलच्या हिशेबात दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे वेग सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटरने वाढत होता. भागाकार केला की येतं साधारण दोन अब्ज, म्हणजे २०० कोटी वर्षं.

इथे अडचण झाली. खडकांमधलं युरेनियम सावकाश शिशात बदलतं, त्यावरून भूशास्त्रज्ञ खडकांचं वय काढत होते. ब्रिटनचे आर्थर होम्स त्यातले अग्रणी. १९४६ च्या सुमारास त्यांचा पृथ्वीच्या वयाचा अंदाज तीन अब्ज वर्षांच्या पुढे गेला. विश्व दोन अब्ज, पृथ्वी तीन अब्ज. आईपेक्षा लेक मोठी.

आता तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं? एक वाट म्हणजे खडकवाल्यांना खोटं ठरवणं. दुसरी म्हणजे समीकरणात डागडुजी करणं. लमेत्रनी तसं केलं; विश्व मध्येच बराच काळ रेंगाळलं आणि मग पुन्हा वेगाने फुगलं, अशी मांडणी केली. तिसरी वाट इंग्लंडमधल्या तिघांनी काढली. १९४८ मध्ये फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि टॉमी गोल्ड म्हणाले की विश्वाला जन्मच नाही. ते प्रसरण पावतं, मोकळ्या जागेत नवं द्रव्य थोडं थोडं तयार होत राहतं, आणि एकूण चित्र कायम तेच राहतं. स्थिर स्थिती सिद्धांत. वयच नाही म्हटल्यावर वयाचा घोळ कसला? कल्पना धाडसाची होती, आणि तिला बळ देणारं एक कारण म्हणजे हा चुकीचा आकडा.

त्याच हॉइलच्या हाताखाली पुढे केंब्रिजमध्ये कोल्हापुरात जन्मलेला एक मुलगा संशोधन करायला गेला. जयंत नारळीकर. १९६१ मध्ये मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून स्थिर स्थिती सिद्धांत चुकीचा ठरल्याचं जाहीर केलं, तेव्हा लंडनमध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत त्याला उत्तर द्यायला हॉइलनी पाठवलं ते या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याला. नारळीकर सर मे २०२५ मध्ये गेले. आम्ही सगळ्यांनी 'बिग बँगला आव्हान देणारा शास्त्रज्ञ' असं लिहिलं. आव्हान मुळात का उभं राहिलं, हे मीही माझ्या बातमीत लिहिलं नाही. जागा कमी होती, हे नेहमीचं कारण.

परत माउंट विल्सनवर येऊ. तिथे वॉल्टर बाडे नावाचे जर्मन खगोलशास्त्रज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि बाडे 'शत्रू देशाचे नागरिक' ठरले. बाकीचे शास्त्रज्ञ युद्धाच्या कामाला गेले, यांना ते काम देता येईना. मग १०० इंची दुर्बीण जवळजवळ त्यांच्या एकट्याच्या ताब्यात. त्यात हल्ल्याच्या भीतीने लॉस एंजेलिसचे दिवे मंद केलेले. एवढा काळोख त्या डोंगराला पुन्हा मिळाला नसेल. त्या काळोखात बाडेंनी देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे सुटे पाहिले, जे हबलनाही जमलं नव्हतं. त्यांच्या लक्षात आलं की तारे दोन पिढ्यांचे आहेत, तरुण आणि म्हातारे.

युद्ध संपलं, पालोमार डोंगरावर २०० इंची दुर्बीण आली. हबलचं अंतर बरोबर असेल तर देवयानीतले एका जातीचे मंद लुकलुकते तारे या दुर्बिणीत दिसायलाच हवे होते. बाडेंनी पाहिलं. दिसले नाहीत. दुर्बीण खराब नव्हती. म्हणजे देवयानीच आणखी लांब होती.

चूक सापडली ती अशी. लुकलुकणाऱ्या ताऱ्यांच्याही दोन जाती निघाल्या. तरुण जातीचे सेफीड म्हाताऱ्यांपेक्षा साधारण चौपट तेजस्वी. वॅट ठरवताना प्रमाण धरलं होतं म्हाताऱ्यांचं आणि देवयानीत पाहिले होते तरुण. रस्त्यावरचा दगड मैलाचा होता आणि सगळे किलोमीटर समजून चालले होते. तेज चौपट म्हणजे अंतर दुप्पट. अंतर दुप्पट म्हणजे वयही दुप्पट. वेग कुणीच चुकीचे मोजले नव्हते, ह्युमसनच्या रात्री वाया गेल्या नव्हत्या. चूक फक्त पट्टीत होती.

सप्टेंबर १९५२, रोम. जागतिक खगोल संघटनेचं अधिवेशन. बाडे उठले आणि त्यांनी हे भरसभेत सांगितलं. दक्षिण आफ्रिकेतून आलेले डेव्हिड थॅकरे उभे राहिले, म्हणाले की मॅगेलनच्या मेघांमध्ये आम्हालाही हेच दिसलंय. विश्वाचं वय १.८ अब्जांवरून एका दुपारीत ३.६ अब्ज झालं. आणि त्या सत्राचं इतिवृत्त लिहायला कोण बसलं होतं? फ्रेड हॉइल. ज्या घोळामुळे त्यांच्या सिद्धांताला बळ मिळालं होतं, तो घोळ सुटायला लागल्याची नोंद त्यांनी स्वतःच्या हाताने केली.

मला या सगळ्या इतिहासात हे दृश्य सगळ्यात आवडतं. आमच्या नगरपालिकेच्या सभांची इतिवृत्तं मी वीस वर्षं वाचतोय, आपल्याला अडचणीचा ठराव कसा लिहितात ते मला माहीत आहे. हॉइल काही संत नव्हते, भांडकुदळ होते, पुढेही भांडले. १९६५ मध्ये आकाशभर पसरलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेकांनी स्थिर स्थिती सोडली, तरी हॉइल आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये सिद्धांताचं सुधारलेलं रूप मांडलं. ते फारसं स्वीकारलं गेलं नाही. पण आकडा लपवला नाही कुणीच.

हबल १९५३ मध्ये गेले. त्यांचे शिष्य अ‍ॅलन सँडेज यांनी गुरूच्याच कामात आणखी एक चूक काढली. दूरच्या दीर्घिकांत हबलनी ज्यांना सर्वात तेजस्वी तारे समजून पट्टी म्हणून वापरलं होतं, त्यातले बरेच तारे नव्हतेच, चमकणाऱ्या वायूचे ढग होते. १९५८ मध्ये सँडेजनी आकडा ७५ च्या आसपास आणला. पाचशेवरून पंचाहत्तर. पुढची पंचवीस-तीस वर्षं मात्र भांडणात गेली. सँडेज आणि त्यांचे सहकारी म्हणायचे ५०, टेक्सासचे जेरार द व्होकुलर्स म्हणायचे १००. एकाच्या हिशेबाने विश्व दुसऱ्याच्या दुप्पट म्हातारं. दोघेही आपला अधिक-उण्याचा फरक इतका बारीक सांगायचे की दोघांपैकी एक तरी चूक असणारच. झाले दोघेही चूक.

भांडण मिटवायला १९९० मध्ये हबल अंतराळ दुर्बीण वर गेली आणि वर गेल्यावर कळलं की आरसाच चुकीचा घासलाय. कडेला २.२ मायक्रॉनचा फरक, केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाइतका. जगभर चेष्टा झाली. नासाने चौकशी समिती नेमली. त्याच वर्षी अहवाल आला आणि आरसा तपासायच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेलं होतं इथपर्यंत सगळं जाहीर केलं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली. १९९४ मध्ये वेंडी फ्रीडमन यांच्या गटाचा पहिला आकडा आला, ८०. त्यावरून वय ८ ते १२ अब्ज. आणि म्हाताऱ्या तारकागुच्छांचं वय तेव्हा १४ अब्जांच्या पुढे धरलं जात होतं. पुन्हा लेक मोठी!

या वेळी दोन्हीकडे थोडं थोडं चुकलेलं निघालं. ताऱ्यांची वयं नव्या मोजमापांनी खाली आली. आणि १९९८ मध्ये दोन गटांनी स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून दाखवलं की प्रसरण मंदावत नाहीये, उलट वेग घेतंय. गाडी आधी हळू होती आणि नंतर वेग घेतला, म्हणजे ती वाटते त्यापेक्षा आधी सुटलेली असणार. वय वाढलं आणि ताऱ्यांच्या वयाशी जुळलं. २०११ चं भौतिकशास्त्राचं नोबेल याच कामाला. फ्रीडमन गटाचा २००१ चा अंतिम आकडा ७२, अधिक-उणे ८. मराठीत बातमी करताना आम्ही पहिल्यांदा काय उडवतो, तर हे अधिक-उणे. 'वाचकाला कळत नाही' म्हणून. खरी बातमी तिथेच असते.

आता फॉरवर्डमधल्या दुर्बिणीकडे. प्लँक उपग्रहाने विश्वाच्या बालपणातल्या प्रकाशावरून काढलेला आकडा ६७.४, अधिक-उणे अर्धा. अ‍ॅडम रीस यांच्या गटाने लेव्हिटबाईंच्या सेफीडवरून चढत जाऊन काढलेला ७३, अधिक-उणे १. दोन्ही बारीक मोजलेले, आणि जुळत नाहीत. सेफीडच्या आसपास इतर ताऱ्यांची गर्दी असल्याने मोजणी चुकत असेल, अशी शंका होती. जेम्स वेब दुर्बिणीने ती गर्दी स्वच्छ पाहिली आणि ते कारण पुरेसं नाही असं दाखवलं. फ्रीडमन यांच्या गटाने त्याच दुर्बिणीने दुसऱ्या जातीचेही तारे वापरले, तर आकडा ७० च्या जवळ आला. भांडण चालू आहे. पण पाहा, पूर्वी भांडण ५० की १०० असं होतं, आता ६७ की ७३. विश्व १३८० कोटी वर्षांचं की शंभरेक कोटींनी तरुण, असं ते भांडण आहे. 'काहीच ठाऊक नाही' असं नाही.

त्याच ग्रुपवर लगेच दुसऱ्याने टाकलं की आपल्याकडे ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा सांगितलाय, तो कधी बदलला नाही. बरोबर आहे, बदलला नाही. एवढ्या प्रचंड काळाची कल्पना करणारी माणसं मोठीच होती. पण तो आकडा कुठल्या मोजणीतून आलेला नाही, त्यामुळे मोजून तो चुकवताही येत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या दारात आहे, म्हणून सांगतो. अंतर मोजायची एक वाट अशीही आहे जिला सेफीड लागत नाही, पायऱ्या लागत नाहीत. दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले की गुरुत्वलहरी निघतात आणि लहरींच्या आकारातूनच अंतर कळतं. बर्नार्ड शुट्झ यांनी १९८६ मध्ये हे सुचवलं होतं. १७ ऑगस्ट २०१७ ला अशी टक्कर पकडली गेली, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर. दुर्बिणींनी ती दीर्घिकाही शोधली. आकडा आला ७०, पण अधिक-उणे इतकं मोठं की दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटावं. अशा आणखी बऱ्याच टकरी लागतील, आणि त्या नेमक्या कुठे झाल्या हे कळायला पृथ्वीवर दूर दूर यंत्रं हवीत. त्यातलं एक आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ व्हायचंय. लायगो-इंडिया. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी मंजूर केले. आमच्याकडे त्याच्या बातम्या आल्या त्या बहुतेक जमीन आणि रोजगाराच्या. त्याही हव्यातच. पण हिंगोलीत पुढे जे मोजलं जाईल त्यातून ६७ की ७३ याचा निकाल लागायला मदत होऊ शकते, हेही कुणीतरी लिहायला हवं होतं.

शेवटी एक राहिलेलं काम, बारा-तेरा वर्षं उशिरा.

दुरुस्ती : मार्च २०१३ मध्ये मी केलेल्या बातमीत विश्वाचे वय '१३.८ कोटी वर्षे' असे छापले गेले होते. ते '१३८० कोटी वर्षे, अधिक-उणे काही कोटी' असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहे.